मदरची उत्तर दिशा

चिंचवड,
४ जानेवारी २०२५

ती. सुमनताईस,
धाकट्या योगिनीचा सा. न. वि. वि.

काल माळा आवरताना कॅनव्हासचे जुने बूट सापडले आणि आपली शुक्रवारची संध्याकाळ आठवली. मागच्या पायरीवर आपण दोघी, मधे पांढऱ्या पॉलिशची वाटी, सोमवारच्या कवायतीसाठी बूट रंगवणं चाललेलं. माझी घाई, तुझं सावकाश. एकदा माझ्या पायाने वाटी लवंडली ती वाळत घातलेल्या आईच्या जांभळ्या साडीवर. आई बाहेर आली तेव्हा तू नुसती पुढे होऊन उभी राहिलीस. धपाटा तुला बसला. मी बूट रंगवत राहिले.

असो. गुडघा कसा आहे? फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने रचतेस, म्हणून पत्रच बरं. गणराज रोज चाकणला त्याच्या पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या प्रेसशॉपवर जातो, तिथून राजगुरुनगर पुढेच. तुझ्या लेकीच्या, भाग्यश्रीच्या घरापर्यंत टपाल तो पोचवेल. आई, मला पोस्टमन केलंस का, असं कुरकुरला, पण नेतोय.

तुझा गुडघा बरा होईपर्यंत माझ्याकडे राहायला आलेल्या तुझ्या मदरचं घर झालं बरं का. भाऊजींनी तिला मदर नाव ठेवलं तेव्हा मला राग आला होता, पण खरंच, आपल्या मदर सुपीरिअर वर्गाच्या दारातून अशीच मान काढून बघायच्या. तू लिहून दिलंस तसंच सगळं केलं. गणराजने कारखान्यातल्या पॅकिंगच्या फळ्यांची पेटी ठोकली, सहा फूट लांब, तीन फूट रुंद. काच कुठेही नाही, कारण काचेतून पलीकडचं दिसलं की ती दिवसभर डोकं आपटत बसते, हे तू दोनदा लिहिलंयस. तळाला माती आणि नारळाचा भुसा. एका टोकाला शहाबादी फरशीचा तुकडा, त्याच्यावर दिवा. दुसरं टोक गार. आमच्या गॅलरीत ऊन नाही, म्हणून दुकानातून उन्हाचं काम करणारी ट्यूब आणली. निजायला अर्धा माठ पालथा घातलाय. पाण्याला कुंडीखालची मातीची बशी, तुझ्याकडचीच. सूनबाई वर्षाली शेवग्याचा पाला आणि जास्वंद आणते. ती म्हणते, या घरात उन्हाची सोय आधी कासवाची झाली, मग माणसांची.

तिची काळजी करू नकोस. मला पत्र लिही आणि रागावायचं राहिलं असेल तर तेही लिही.

तुझी,
योगिनी


राजगुरुनगर,
९ जानेवारी २०२५

चि. सौ. योगिनीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. गुडघा वाकतो, पण व्यायाम करून घ्यायला येणारी दीक्षा नावाची पोरगी मला आजी नव्हे, बाई नव्हे, चक्क बॉस म्हणते. भाग्यश्रीला वाटतं तिच्या धाकाने मी चालते.

घर छान केलंस. गणराजला सांग, आजवर त्याने केलेल्या वस्तूंपैकी हीच एक मला समजली. आता एकच सांगते, ते नीट ऐक. मदर जमिनीवरची आहे. देवळाच्या विहिरीत कासवं बघून आपल्याला वाटतं कासव म्हणजे पाणी, पण हिला पोहता येत नाही. बशीत बोटाच्या पेराएवढंच पाणी. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात दहा मिनिटं, तेही हनुवटीच्या खाली, आणि मग पुसून दिव्याखाली. गारठ्यात ओली राहिली तर हिची छाती भरते. एकदा भरली होती, तेव्हा तुझे भाऊजी तीन रात्री तिला मांडीवर घेऊन बसले होते. माझ्या तापाला एक रात्रही बसले नव्हते.

सकाळी ती पानं खाते त्याचा आवाज येतो का तुला? इथे मला त्याविना जाग येत नाही.

जपून राहा.
तुझी ताई


चिंचवड,
२५ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. गणराजला मोठं काम मिळालं, बंद पडलेले दोन्ही प्रेस सुरू झाले, परत दोन शिफ्ट चालू. शेजारच्या दुर्गाबाई म्हणतात, मदरचा पाय घरात चांगला पडला.

मदर ठीक. जरा सुस्त वाटते, थंडी असेल. पेटीत सगळं जागच्या जागी आहे. आज घाईत लिहितेय.

योगिनी


चिंचवड,
२ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,

मदरला मी आजारी पाडलं. शाळेत सिस्टर म्हणायच्या, खरं सांगायचं तर पहिल्या ओळीत सांगा. तेवढं तरी पाळते. हे पत्र गणराजच्या हाती देत नाही, पोस्टात टाकतेय.

डिसेंबरपासून त्याचे प्रेस बंद होते. सहा माणसं घरी बसली होती आणि हा रोज डबा घेऊन चाकणला जायचा, रिकाम्या शेडमध्ये बसून यायचा. डबा तसाच परत यायचा. दुर्गाबाईंकडे पितळेचं कासव आहे, पाण्याच्या ताटलीत, उत्तरेला तोंड करून. त्या म्हणाल्या, आम्ही धातूचं ठेवतो तर फळ येतं, तुमच्याकडे तर जिवंत आलंय. तुला ठाऊक आहे, मी असल्या गोष्टींना हसत आले. त्या दिवशी नाही हसले.

सगळे बाहेर पडले की मी मदरला दिव्याखालून उचलायची आणि आईची पितळी परात देवापुढे मांडून तिच्यात ठेवायची. थंड पाणी, कवचाच्या कडेपर्यंत. रोज दोन तास, एकवीस दिवस करायचं ठरवलं होतं. तुझं पत्र उशीखाली होतं, ताई. माझ्याकडून नकळत झालेलं नाही हे. ती उत्तरेला थांबेना, सारखी वळायची, जिकडे तिची पेटी होती तिकडे. मग मी दोन्ही बाजूंनी दोन पाट लावून तिला अडवलं. नवव्या दिवशी गणराजला काम मिळालं. त्यानंतर मी थांबूच शकले नाही. तुला सुस्त वाटते म्हणून लिहिलं, त्या सकाळीही ती परातीतच होती.

अकराव्या दिवशी तिच्या नाकातून बुडबुडे आले आणि ती तोंड उघडून श्वास घ्यायला लागली. वर्षालीने ओल्या परातीकडे पाहिलं, पाटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिनेच टॉवेलात गुंडाळून डॉक्टरकडे नेलं. रोज इंजेक्शन चालू आहे. जगेल म्हणाले. पण डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. ही पाठीवर चांदण्या असलेली कासवं घरात ठेवायला बंदी आहे, बरी झाली की वनखात्याच्या केंद्रात द्यावी लागेल. तुझी मदर मी तुझ्याच हातातून घालवली. गणराजला मी अजून काही बोललेले नाही. तो म्हणतो, आई, तुझी प्रार्थना फळाला आली.

आशीर्वाद मागायचं धाडस होत नाही.
योगिनी


राजगुरुनगर,
७ फेब्रुवारी २०२५

योगिनी,

पत्र आलं. पहिल्या दिवशी फाडलं. दुसऱ्या दिवशी भाग्यश्रीकडून चिकटपट्टी मागून घेतली.

मी खूप रागावले. अजून आहे. पाटांचं वाचून तर जेवण गेलं नाही. पण तुझ्या पत्रात एक ओळ अशी आहे की तिच्यावरून मला तुझ्यावर रागावता येत नाही. बंदी आहे हे तुला आत्ता कळलं, मला पंधरा वर्षं माहीत होतं. तुझ्या भाऊजींनी तिला जत्रेत टोपलीवाल्याकडून आणली, तेव्हा आम्ही विचारलंही नाही की ती कुठली, कुणाची. पुढे पेपरात वाचलं. ते गेल्यावर तरी द्यायला हवी होती. दिली नाही. रिकाम्या घरात सकाळी कुणीतरी पानं खातंय, एवढ्या आवाजासाठी मी तिला माझ्याकडे वळवून ठेवली. तुझे पाट दोन होते. माझे कुणाला दिसले नाहीत, इतकंच.

गणराजला सांग, आणि आजच सांग. काम त्याच्या हाताने आणलंय, एका मुक्या जिवाच्या छातीवरून आलेलं नाही. हे त्याला कळायला हवं, नाहीतर पुढच्या मंदीत तो दुसरं कासव शोधेल.

मदरला केंद्रात द्यायच्या अर्जावर सही माझी असेल. चाळीस वर्षं मीच ठेवली होती. पण न्यायचं तू. साडीच्या वेळी मी पुढे झाले होते, या वेळी तू जा.

माया आहे ती आहे, ती काही परत मागत नाही.
ताई

ता. क. सामानाचं सांगते, तसंच कर. दिवा आणि ट्यूब मदरबरोबर केंद्रात दे, तिथे आणखीही कासवं असतील. पेटी वर्षालीला, मेथी लावायला. तिने टॉवेल उचलला म्हणून तिला. शहाबादी फरशी दुर्गाबाईंना दे, त्यांच्या पितळी कासवाला बसायला कोरडी जागा, म्हणावं. पाट देव्हाऱ्यापाशी परत लाव. आईची परात तुझ्याकडेच राहील. ती मोडीत द्यायची नाही, माळ्यावर टाकायची नाही, रोज तिच्यात कणीक मळायची. आणि कुंडीखालची मातीची बशी मला. गणराजच्या हाती पाठव, धुवू नकोस.