‘जाते’ नव्हे, ‘येते’

कर्वेनगर, पुणे
१४ जुलै १९९७

तीर्थस्वरूप सौ. विजूआत्या हिस,

पद्मजाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि. (वि. वि. म्हणजे विनंती विशेष, असं आमच्या दीनानाथ सरांनी सांगितलं. पण या पत्रात विनंती एकही नाही, हे आधीच सांगून ठेवते. ती नुसती लिहायची पद्धत आहे.)

तुझी तब्येत कशी आहे? खोकला थांबला का? अंजिरांना यंदा बहर कसा आहे, आणि ती मारकी म्हैस विकली की अजून तिचेच लाड चालू आहेत? सर्जेराव मामांचा गुडघा कसा आहे? मामांचं नाव मी मुद्दाम पूर्ण आणि ठळक लिहिते आहे, कारण आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेत, ते घरचे जावई असूनही, नेमकं तेच छापायचं राहिलं, आणि त्या दिवसापासून तू माहेरी पाऊल ठेवलेलं नाहीस. (या विषयावर एक अक्षरही लिहायचं नाही, अशी आईची सक्त ताकीद आहे. म्हणून मी काही लिहीत नाही.) इकडे सगळे खुशाल आहेत. तुझ्या भावाचं, म्हणजे आप्पांचं, ब्लडप्रेशर वाढलंय, पण ते म्हणतात मशीनच खराब आहे.

तर मी जर्मनीला जाऊन आले. हे तुला सगळ्या नातेवाइकांकडून कळलं असेलच, फक्त माझ्याकडून कळलेलं नाही. आमच्या शाळेने जर्मन घेतलेल्या मुलांची सहल नेली होती. तिथल्या एकेका मुलाच्या घरी आपण राहायचं आणि त्यांच्यासारखं वागायचं, अशी योजना. (त्यांच्यासारखं वागणं कुणालाच जमलं नाही. आपल्यासारखं वागणंही तिथे जमेना. मधल्यामध्ये आम्ही सगळे तीन आठवडे अतिशय नम्र होतो.) पण त्याआधी निघतानाचा प्रकार सांगते, कारण पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो. मुंबईची बस कोपऱ्यावरच्या शाळेपाशी उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आप्पा माझी बॅग उचलून घराच्या फाटकापर्यंत आलेले, आणि मी घाईघाईत म्हणाले, “जाते हं आप्पा.” झालं! आप्पांनी बॅग खाली ठेवली. “असं म्हणत्यात व्हय? चल माघारी. बूट काढ. बस. पानी पी.” मी परत घरात गेले, बूट काढले, सोफ्यावर बसले, पाणी प्यायले, पुन्हा देवाच्या पाया पडले, पुन्हा आप्पांच्या पाया पडले, बूट घातले आणि फाटकात येऊन “येते” म्हणाले. तेव्हा कुठे ते “ये” म्हणाले आणि बॅग उचलली. एका शब्दापायी माझी जर्मनी हुकणार होती. त्यांना त्या शब्दाचं एवढं का लागतं, ते मला माहीत आहे, पण आईची ताकीद.

माझी व्यवस्था आन्या नावाच्या मुलीकडे होती. आन्या चांगली आहे, पण मी तुला सांगणार आहे ती तिच्या आजीबद्दल. तिकडे आजीला ओमा म्हणतात. ओमा उंच, हाडापेराने मजबूत, आणि बोलणं मोजकं. तिच्या घरात जिथे तिथे चिठ्ठ्या चिकटवलेल्या. हा कचरा या डब्यात, तो त्या डब्यात, दार हळू लावा, नळ घट्ट बंद करा, रविवारी गवत कापू नये. दीनानाथ सर चौकशीला आले तेव्हा त्यांनी एकेक चिठ्ठी चष्मा लावून वाचली आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला. (सर शनिवार पेठेतले. तोवर बिचारे उकडलेल्या बटाट्यांवर जगत होते.) रात्रीचं जेवण म्हणजे गार पाव, गार चीज आणि गार काकडी. पहिल्या रात्री मी जेवण कधी येणार म्हणून वाट बघत बसले, आणि ते संपलं होतं. सकाळचं मात्र ओमा मनापासून करायची. माणशी एक अंडं, ते ठेवायला छोटी वाटी, आणि ते गार होऊ नये म्हणून त्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी. अंड्याला टोपी! आपल्याकडे बाळंतपणात आईने माझी घेतली नसेल एवढी काळजी ती बाई अंड्याची घ्यायची.

आता घोळ. पहिल्याच सकाळी आम्हाला शाळेत लवकर बोलावलं होतं. आन्या पुढे गेली होती. मी बूट घातले, दार उघडलं, आणि आप्पा आठवले. जर्मनमध्ये ‘जाते’ म्हणायची माझी काय छाती! मी मनातल्या मनात भाषांतर केलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, “इश कॉमे!” म्हणजे, मी येते. आणि निघून गेले. आता आत ओमाने काय ऐकलं, तर मुलगी येते आहे. तिने माझं अंडं काढलं, टोपी घातली, कोको ओतला आणि बसली वाट बघत. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रोज मी ‘येते’ म्हणायची आणि गायब व्हायची, आणि रोज ओमा टोपी घातलेल्या अंड्यासमोर बसून राहायची. पण तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. आन्याला मात्र विचारलं, की या मुलीला काही आजार आहे का.

मग आन्याने मला समोर बसवून विचारलं. मी समजावून सांगायला गेले. माझं जर्मन तुला माहीत नाही ते बरंच आहे. मला सांगायचं होतं, की आपल्याकडे निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ते अशुभ मानतात. माझ्या तोंडून निघालं, की जो ‘जातो’ म्हणतो, तो मरतो. ओमाने हातातला चमचा खाली ठेवला. नेमकं तेव्हाच दार वाजलं. पोस्टमन होता. पत्रं देऊन तो म्हणाला, बरं, मी जातो. ओमाने त्याला दारातून परत बोलावलं. त्याला वाटलं, पत्र चुकलं. तो पिशवी चाळायला लागला. ओमाने त्याला बजावलं, की माझ्या दारात हा शब्द काढायचा नाही, येतो म्हणून सांग. तो म्हणाला, पण मी तर जातोय! दोघांचा बराच वेळ वाद चालला. शेवटी तो ‘येतो’ म्हणाला आणि सायकलवर बसून मागे वळून वळून बघत गेला. मला एवढं हसू आलं आणि त्याच वेळी एवढी घराची आठवण आली, की मी न्हाणीघरात जाऊन रडले. (नळ घट्ट बंद केला.) त्यानंतर ओमा मला निघायच्या आधीच अंडं द्यायची. आणि मी “इश कॉमे” म्हटलं, की आतून “हं” असा आवाज यायचा.

निघायच्या दिवशी सगळी स्टेशनवर जमली. सरांनी आमच्याकडून आभाराचं भाषण घोटून घेतलं होतं, त्यात आदरातिथ्य आणि दोन देशांमधली मैत्री होती. माझी पाळी आली आणि मला त्यातलं एक अक्षर आठवेना. ओमा समोर उभी, हातात कागदी पिशवी, पिशवीत उकडलेलं अंडं, त्याला टोपी. मी म्हणाले, “इश कॉमे.” या वेळी ती नुसतं “हं” म्हणाली नाही. पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “कॉम.” आत्या, याचा अर्थ, ये. नुसतं ‘ये’. दारातून आप्पा म्हणतात तसं. तिला आपल्याकडची ही उत्तराची बाजू मी कधीच शिकवली नव्हती.

आल्यावर शाळेत पालकांसमोर अनुभवकथन झालं. प्रत्येक मुलाने जर्मन लोकांच्या वक्तशीरपणावर भाषण केलं. कार्यक्रम उशिरा सुरू झाल्यामुळे शेवटच्या चौघांना बोलताच आलं नाही. मी उभी राहिले आणि “मला ओमाची आठवण येते” एवढंच म्हणून खाली बसले. लोकांना वाटलं, घाबरली. पण तेवढंच खरं होतं. आठवणही बघ, येतेच. कुणी ‘आठवण जाते’ म्हणत नाही. मला तिकडे होते तोवर कर्वेनगर हवं होतं, आणि आता सकाळी स्वयंपाकघरात काही वाजलं, की वाटतं ओमाने चमच्याने अंडं फोडलं. रात्री मी गार पाव मागते आणि आई माझ्या कपाळाला हात लावून बघते. आन्याचं पत्र आलंय. ओमा बरी आहे. अजूनही एक अंडं जास्तच उकडते आणि ते पोस्टमनला देते. मी ‘येते’ म्हणाले ते पद्धत म्हणून. ती वाट बघते ते मनापासून. आता कधी जायला मिळणार, सांग.

हे सगळं आप्पांना सांगितलं तेव्हा पोस्टमनपर्यंत ते हसत होते. मग त्यांनी विचारलं, “निघताना ती म्हातारी काय म्हनली?” मी म्हटलं, ‘ये’ म्हणाली. आप्पा उठले आणि गॅलरीत जाऊन फाटकाकडे बघत उभे राहिले. तिथूनच म्हणाले, “हे कुनाला तरी कळवाया पायजे.” कुणाला, ते सांगितलं नाही. पण आपल्या घरातून मी पत्र फक्त तुलाच लिहिते, हे त्यांना चांगलं माहीत आहे. मामांना नमस्कार, म्हशीला लांबून नमस्कार.

तुझी लाडकी भाची,
पद्मी

ता. क. – तुझ्यासाठी आणलेलं चॉकलेट फ्रिजमध्ये आहे. पाठवता येत नाही, वितळेल. (जर्मनीपासून पुण्यापर्यंत वितळलं नाही, पण दिवे घाटाचा भरवसा नाही.) सासवडहून इथे यायला दीड तास लागतो. मी विचारून ठेवलं आहे.

ता. ता. क. – पत्रात विनंती नाही असं मी वर लिहिलं, ते खोटं आहे. वास्तुशांतीच्या दिवशी मी पेढ्यांचं ताट घेऊन फाटकात उभी होते. “आमचं नावच न्हाई तर आमचं काय काम? जाते मी,” असं तू म्हणालीस आणि गेलीस. मी ‘जाते’ म्हणाले, तर आप्पांनी मला बूट काढायला लावून परत बसवलं. त्या दिवशी तुला थांबवणं मात्र त्यांना जमलं नाही. तू ये. पत्रिकेवरून भांडायचं राहिलं असेल, तर खुशाल भांड, आप्पांना मी समोर बसवून देते. फक्त निघताना ‘येते’ म्हण. पुढचं ‘ये’ तीन वर्षं आप्पांच्या तोंडात तयार आहे.