एकही ठोका चुकला नाही

रविवार, संध्याकाळ

वर्षभर मोबाइलवर कितीतरी लोकगीतांचे बँड ऐकले. पुन्हा ऐकावीशी वाटली ती फक्त उचगावच्या शेवंताआक्कांची चौडक्याच्या तारेवरची गाणी. महिन्यापूर्वी मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी मला साथीला टाळ दिले. मी एकही ठोका चुकवला नाही.

आज जत्रेच्या गाण्यांची तालीम थांबवून त्या म्हणाल्या, "हाताला घड्याळ बांधलंयस व्हय गं? मी गळा सोडला की तू वढून धरतीस."

साथीच्या बायका हसल्या. मीही हसले. वाईट वाटलं? नाही. थोडं.

त्या सूर लांबवतात तिथे थांबायचं, हे कळतं. हात ऐकत नाहीत.

"जत्रंला ये, पण नुसतं ऐकायला," आक्का म्हणाल्या.

घरी येऊन टेबलावर मुद्दाम चुकीचे ठोके देत बसले. दहा मिनिटांत चुकाही समान अंतरावर पडू लागल्या.