बॉम्बरचा वाकडा पंख

शुक्रवार, ऑक्टोबर २०२२, अल वक्रा

आज ईरा इतकी हसली की माझं पोट भरलं. पण मन जळतंय, खोटं कशाला लिहू? सुनेचे वडील अण्णा इथल्या फुटबॉल वर्ल्ड कपसाठी महिनाभर आधीच येऊन बसलेत, आणि माझी नात दिवसभर त्यांना चिकटून.

तिला जुन्या महायुद्धातल्या बॉम्बर विमानाचा, सुटे भाग जोडायचा प्लास्टिकचा संच घ्यायचा होता. दुकानात अण्णांनी वरचं चित्र बघून खोका उचलला. मी बाई आत बघितल्याशिवाय काही घेत नाही. टरकन वेष्टन फाडलं.

"अम्मा, ये क्या किया!" दुकानदार ओरडला.

अण्णा हसले, "विहीणबाई, कणसं सोलून बघताय का?"

पण पंख वाकडा निघालाच ना! दुकानदाराने दुसरा खोका दिला. त्याचे पंख सरळ, कडा गुळगुळीत. तरी घरी येताना ईराचं आपलं आजोबा, आजोबा!

घरी गोंद लावून पंख दाबून धरायचा होता. अण्णांचे हात थरथरतात.

"आजी, यू होल्ड," ईरा म्हणाली.

मी धरला. अण्णांनी चहा मागितला. म्हटलं, "तुम्हीच टाका, माझे हात गुंतलेत."

गोंद तर केव्हाच वाळला होता.