सावकाराची फुकट शाळा

टण्ण! दगडावर टाकलेल्या रुपयाचा तो आवाज अजून कानात आहे, पंतोजी. तुम्ही आम्हा पोरांचे डोळे उपरण्यानं बांधून सराफाच्या ओट्यावर बसवायचात आणि एकेक नाणं टाकून विचारायचात, "बोला, खरं की खोटं?" एकदा भसाड्या आवाजाच्या नाण्याला मी खरं म्हणालो. "वा! हा उद्या शिसंही चांदीच्या भावानं घेईल," म्हणत ते खोटं नाणं तुम्ही माझ्याच हातावर ठेवलंत. अजून आहे जवळ. पावकी-निमकीचे पाढेसुद्धा तुम्ही चालीवर म्हणून घ्यायचात. आकड्यांना भूपाळीची गोडी असते, हे मला तिथंच कळलं.

आता आमच्या सदाशिव पेठेत एका सावकारानं तरुणांसाठी फुकट शाळा काढली आहे. व्यवहारज्ञान देतो म्हणे, वर पेढे! नाणं ऐकायला शिकवत नाही, व्याज मांडायला शिकवत नाही. कर्जरोख्यावर सही कुठं करायची तेवढं शिकवतो, तेही कवनात: 'हौस आजची आज पुरी, व्याज बापुडे बसे दारी.' शी! कवितेला असं दलालीला बसवलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. ऐकलं की चूळ भरावीशी वाटते.

माझा नातू सकाळपासून तेच गुणगुणतोय. त्याला घोडा हवा. पथकात चाकरी नाही, भाला धरता येत नाही, नुसतं पर्वतीपर्यंत मिरवायला घोडा! त्यासाठी आज आपल्या मेलेल्या आईच्या पाटल्या गहाण टाकायला निघालाय.

"आजोबा, तुम्हाला नवं काही कळत नाही."

"कळतं की. घोड्याच्या पुढं व्याज धावतं, आणि त्याला दाणाही लागत नाही."

हसला नाही. तुम्ही जाऊन वर्षं झाली, हा कागद मी कुठं पाठवणार? पण तुम्हाला म्हणून सांगतो, ते मेलं कवन वृत्तात चोख बसलंय. काल आंघोळ करताना माझ्याच तोंडून निघालं.

इतकं लिहितोय तोच कडी वाजते. दारात खुद्द सावकार! आत नातू पागोटं बांधत उभा आहे, हे त्याला दिसत नाही.

"तात्या, आमच्या धाकट्याला तुमच्याकडे पाठवू का? नाणं ऐकायला शिकवा, व्याजाचा हिशेब शिकवा."

"अहो, आपली शाळा आहे की!"

"छे हो! ती लोकांच्या पोरांसाठी."

आत फडताळ उघडल्याचा आवाज येतो. मग पाटल्या परत ठेवल्याचा. खरा, पंतोजी.