टाकीचं विरजण

३ तारीख, सोमवार

पोचले बाई एकदाची! मी सांगते, सूनबाई लिहिते. मला अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. तिच्या अक्षराला नावं ठेवता येत नाहीत, एवढंच दुःख. क्वार्टर छान आहे. दोन खोल्या, न गळणारा नळ आणि खिडकीसमोर गावभरच्या मैल्याची घुमटासारखी टाकी. लेक गेला त्याला वर्ष झालं. त्याच्या जागी सूनबाईला नोकरी मिळाली, आता तीच टाकी सांभाळते. वास येतो का, तिने विचारलं. म्हटलं, तुझ्या फोडणीपेक्षा बरा. हसली. वर्षात पहिल्यांदा. तेही लिही म्हटलं, तर पेन थांबलं.

६ तारीख, गुरुवार

टाकी पाहून आले. मैला आत सोडतात, वारा शिरू देत नाहीत, अंगात कसर असावी इतकी ऊब देतात. आतले जंतू खातात, गॅस सुटतो, त्यावर इथली यंत्रं चालतात. सगळे तिच्याबद्दल तान्ह्या बाळासारखं बोलतात. आज जेवली, आज ढेकर दिला, आज पोट आंबलं, चुना पाजा. इथल्या फिटरला म्हटलं, माझ्या नवऱ्याचे एवढे लाड झाले असते तर अजून जगला असता. भिंतीला टेकून पाठ शेकली. आतून गुडगुड. बरं वाटलं.

१० तारीख, सोमवार

आज भिंतीवर आतून थाप आली. दोन, मग जरा थांबून एक. लेक शाळेतून आला की दार असंच वाजवायचा, कडीला हात न लावता. फिटर म्हणाला, आजी, ढवळायचा पंखा आहे, गाळात अडकतो. असेल. हे लिहिताना सूनबाई मान वर करत नाही.

१२ तारीख, बुधवार

फिटरला विचारलं, हे जंतू आणले कुठून? म्हणाला, विरजण लावलं, आजी. नवी टाकी आपोआप लागत नाही, जुन्या टाकीतला गाळ आणून ओतावा लागतो. मग त्याने जीभ चावली.

जुन्या टाकीतच पडला माझा लेक. झाकण उघडलं आणि गॅसने भोवळ आली. जेवढा सापडला तेवढा घरी आणला. बाकीचा—

विरजण मीही जन्मभर लावलं. चमचाभर पुरतं. कालचं सगळं आजच्यात उतरतं.

१३ तारीख

पंखा दुरुस्तीला काढलाय. थापा चालूच.

सूनबाई जेवली नाही. झाकण जरा सैल करते म्हणाली, त्याला वारा मिळत नाही. टाकी ती असते. 'त्याला' कोणाला, मी विचारलं नाही. झाकणाची किल्ली मी लपवली, कुठे ते इथे सांगणार नाही.

१४ तारीख

भिंतीला गाल लावला. तापातल्या कपाळासारखी. म्हटलं, बाळा, न्यायचं तर मला ने, हिला नको. थापा थांबल्या. वाटलं, ऐकलं आईचं—

संध्याकाळी परत. जोरात.

१५ तारीख, भर दुपार

लिही. खिडकीकडे बघू नकोस. दोन— एक. मलाही ऐकू येतंय. तो आपला नाही गं, नुसता आंबूसपणा उरलाय. मी आई, मला कळतं— नाही कळत. पण तू बस. हात लिहिता राहिला की पाय उठत नाहीत. भाजीत मीठ जास्त होतं, लिही. फोडणी चांगली करतेस, तेव्हा खोटं बोलले, तेही लिही. तू गेलीस तर मला हे वाचून कोण— किल्ली कुठे सापडली तुला? ठेव ती. माझ्या पोरी, आधी एवढं पुरं कर, अजून माझं सांगून