हळद-कुंकवाविना रांगोळी

४ नोव्हें.
रांगोळी काढली, हळद-कुंकू वाहिलं, फोटो अंगणात टाकला. अंगण म्हणजे फोनवरचं, आपल्या मराठी मंडळींच्या गप्पांचं. इथलं, हुबळीच्या केशवापुरातलं खरं अंगण म्हणजे उंबऱ्यापुढच्या दोन फरशा. चहा उकळेपर्यंत मंजूचा लाल बदाम आला. जिवात जीव. तिकडे आखातात बॉम्ब पडायला लागल्यापासून फोन लागत नाही, विमानं बंद. लेक, जावई, नात चिमी, तिघं सुखरूप आहेत हे मला रोज त्या बदामावरूनच कळतं.

दुपारी अंगणात कुणीतरी जळत्या बंदराचा फोटो टाकला. लगेच हळहळ, शिव्याशाप, कोण जिंकणार याच्या गप्पा. मी नेहमीचंच विचारलं, "स्वतः पाहिलंस का?" निघाला कुठल्या तरी जुन्या आगीचा. 'पाहिलंस-का अक्का' म्हणतात मला. म्हणोत बापडे.

५ नोव्हें.
शेजारची शोभा मेथी निवडता निवडता, "अक्का, तुम्ही दुसरं खातं काढलं की काय?"
म्हटलं, "हेच एक सांभाळताना नाकी नऊ येतात."
तिनं दाखवलं. माझंच नाव. भाचीच्या लग्नातला हिरव्या शालूतला फोटो. माझ्या सगळ्या रांगोळ्या. खाली, 'मंजे, जेवलीस का ग? पोटाला नीट खा, बाई.' क्षणभर वाटलं, मीच लिहिलं असेन नि विसरले.

खातं आपल्या अंगणातलं नाही. तिकडच्या मराठी लोकांचं वेगळं, पण आपल्याला जोडलेलं अंगण आहे, मंजू ज्यात आहे, त्यातलं.

धारवाडला श्रीपादअण्णांना फोन. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. आपलं अंगण मळमड्डीत त्यांच्या जिन्याखालच्या कॉम्प्युटरवर चालतं, राखणदार तेच. म्हणाले, "या अंगणांना एक मालक नाही, अक्का. ज्याच्या त्याच्या अंगणाला ज्याचा त्याचा राखणदार. त्याला लिहून बघतो. नाही ऐकलं तर आपण आपलं फाटक लावायचं. त्याच्या घरात शिरता येत नाही."
"पण फाटक लावलं तर मंजूपण पलीकडेच राहील की हो."
"हौद्री, खरं आहे," म्हणाले.

६ नोव्हें.
तिकडच्या राखणदाराचं उत्तर नाही.

मंजूचं आलं: 'आई, तू म्हणालीस तशा बॅगा भरल्यात. हुबळीवाल्यांची बस परवा संध्याकाळी सीमेपलीकडे नेणार. पासपोर्ट आधीच बसवाल्याकडे द्यायचे ना?'

कसली बस? अंगणात विचारलं, बाजारातल्या दोघा-तिघांना फोन केले. हुबळीच्या कुणी बस केलेली नाही. लिहिलं, 'मी असं काही म्हटलं नाही. जाऊ नका. पासपोर्ट कुणाच्या हातात देऊ नका.'
उत्तर: 'तू म्हणतेस ती खोटी. ती म्हणते तू खोटी. मी काय करू ग?'

संध्याकाळी तिला खाजगी निरोप धाडला: 'उद्या रांगोळीत हळद-कुंकू वाहणार नाही. ज्या रांगोळीत नसेल ती माझी.' दुसरं काही सुचलंच नाही.

७ नोव्हें.
पांढरी कोरी रांगोळी. या घरात आल्यापासून अशी कधी ठेवली नाही, हे गेल्यानंतरसुद्धा. बघवेना. फोटो काढून टाकला.

पाहते तर त्या खोट्या खात्यावरची आधीच आलेली. तीपण कोरी.

शोभानं मोठी करून बघितली. "अक्का, ही तुमची परवाचीच, मोराची. यातलं कुंकू पुसलंय बघा कुणी." कुंकू पुसलंय म्हणाली. जावयाचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

अण्णा दुपारी स्वतः आले. "खाजगी म्हणजे बंद पाकीट नव्हे, अक्का. पोस्टकार्ड. दोन्हीकडच्या राखणदारांना वाचता येतं."
"दोन्हीकडच्या?"
"त्याला. आणि मला." कपात बघत म्हणाले.
अख्ख्या अंगणाला विचारते मी. त्यांना नाही विचारवलं. इतक्या वर्षांचा माणूस. नाही, अण्णा तसे नव्हेत. चहा अर्धा ठेवून गेले.

जाताना म्हणाले, लोक घाबरलेत, फाटक लावा म्हणून मागे लागलेत. तुमच्यासाठी थांबतो.

८ नोव्हें.
मंजू शहाणी माझी. दोघींना एकच प्रश्न केला: 'सातवीत असताना रुसून मी कुठे लपले होते?'
माळ्यावर, तांब्याच्या घंगाळात! मला आणि ह्यांनाच ठाऊक. हसू आलं, किती दिवसांनी. तडक लिहिलं.

मग मंजूचं: 'दोघी घंगाळच म्हणता. तिचं आधी आलं.'

अण्णांना फोन. "तुमचं उत्तर तिकडच्या राखणदाराच्या हातातून जातं, अक्का. वाचलं असेल, आपलं पुढे केलं असेल, मग तुमचं सोडलं असेल."
"मग हे मंजूला कुठून सांगू?"
"त्याच्याच हातातून."

तरी लिहिलं. परत लिहिलं. चिमीची शपथ घातली. पोचतंय की नाही कोण जाणे.
दिवेलागण. बसची वेळ झाली असेल. सांजवात लावली.

९ नोव्हें.
आज रांगोळीत मूठ मूठ हळद-कुंकू. फोटो टाकला.
चहा उकळायच्या आत लाल बदाम!
शोभाला हाक मारली, रडलेच. तीपण धावत, "अय्य देवा, आलं की हो!" तेवढ्यात खाली ओळ आली: 'पोचलो, आई. काळजी करू नकोस.'
"बघा, लेक बोलली!" म्हणून देवापुढे साखर ठेवायला गेली.
मी त्या बदामाकडे बघत राहिले. रोज असतो तस्साच. कुणी दाबला, ते काही त्यात दिसत नाही.

अण्णांचा फोन, "आता लावू फाटक?" नको म्हटलं.
मंजूला विचारलंय, कुठे पोचलात.