पत्र्याची पन्हळ

केदारखेडा, १२ मार्च १९७४

चि. कौसल्येस आजोबांचे पोटभर आशीर्वाद.

तुझे पत्र चष्मा पुसून दोनदा वाचले. नववीच्या मुलांनी वडीगोद्रीच्या बसथांब्यावर स्वतःच्या हिमतीवर पाणपोई घालायची, घरटी एक घागर आणायची आणि हेडमास्तरांनी नुसते बघायचे, हे वाचून या निवृत्त मास्तराची छाती फुगली. पाळ्यांचा तक्ता करणारी तुझी मैत्रीण सत्यशीला खरी हुशार दिसते. तू मात्र झोपाळू. सकाळची शाळा सुटल्यावर रांजणाला टेकून घोरू नकोस म्हणजे झाले!

माझ्या लहानपणी इथे वडाखाली पाणपोई होती. तिला पत्र्याची लांब पन्हळ होती. वरून तांब्या ओतला की पाणी खळाळत पुढे जाई आणि मला त्यात भुजंगप्रयाताचा ताल ऐकू येई. बारा वर्षांचा होतो. ओतता ओतता कविता म्हणायचो. तशीच पन्हळ डबे करणाऱ्या कचरूकडून करवून घेतली आहे. पाडव्याच्या आत कंडक्टरच्या हाती पाठवतो.

उन्हात डोक्याला रुमाल बांध. विहिरी आटल्या तरी म्हाताऱ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा आजोबा,
बद्रीनाथ

वडीगोद्री, २९ मार्च १९७४

तीर्थरूप आजोबांच्या चरणी कौसल्येचा नमस्कार.

तुमचं पत्र मी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. सगळ्यांना आवडलं. सत्यशीला तेवढी मान खाली घालून तक्ता आखत राहिली, पण त्याचा अर्थ तेव्हा माझ्या ध्यानात आला नाही.

पाडव्याला लिंबाखाली तीन रांजण मांडले, पन्हळ बांधली. दुपारी जालन्याच्या गाडीतून सत्यशीलाची आजी सोनूबाई उतरली. तिचं माहेर केदारखेड्याचंच. उन्हानं तिचं तोंड सुकलं होतं, तरी पन्हळ बघून ती जागीच थांबली. मला म्हणाली की पोरी, असल्याच पन्हळीतून म्या पाणी पेलेलं हाय. बाकीच्यांना तांब्यानं वाढायचे, आमच्या लोकांना हिच्यातून. वाढणाराला आमचा विटाळ होऊ न्हाई म्हणून लावली व्हती ती. आमी बौद्ध झालो, आन् तुमी पुन्हा तेच मांडून राह्यले का?

पाणी न पिताच ती उन्हात निघून गेली. सत्यशीलानं तक्ता माझ्या हाती दिला आणि तिच्या मागं गेली.

मी त्याच दिवशी पन्हळ सोडली. बाबा रागावले, म्हणाले की म्हाताऱ्या माणसानं एवढ्या हौसेनं पाठवली, तिचा असा अपमान करायचा का? वर्गातला मच्छिंद्र म्हणतो की एका पत्र्यापायी एवढा तमाशा कशाला. त्याचं ऐकून बाकीच्यांनी येणं सोडलं, आता आम्ही तिघंच घागरी आणतो. सत्यशीला म्हणते की पन्हळ काढली हे बराबर. पण जिचं कौतुक वर्गात वाचलं, ती कशासाठी होती हेही तेवढ्याच मोठ्यानं वाचलं पाहिजे, आणि ज्यानं लिहिलं त्यानंच ते लिहिलं पाहिजे. तोवर ती येणार नाही. तिच्याशिवाय ही पाणपोई मला खरी वाटत नाही. बंद मात्र मी पडू देणार नाही.

आजोबा, परवानगी मागायला लिहीत नाही. एकच विचारायचंय. तुम्हाला ठाऊक होतं का?

उत्तर काही असो, माझा जीव तुमच्यावर आहे तेवढाच आहे.

तुमची,
कौसल्या

केदारखेडा, ३ एप्रिल १९७४

चि. कौसल्येस आणि साऱ्या वर्गास आशीर्वाद. हे पत्रही मोठ्याने वाच.

ठाऊक होते.

पन्हळीच्या वरच्या टोकाला मी उभा असे आणि खालच्या टोकाला ओंजळी असत. पाण्याचा ताल जन्मभर लक्षात ठेवला. ओंजळी कोणाच्या, ते सोयीने विसरलो. सोनूबाईंना कदाचित मीच पाणी ओतले असेल. चेहरा आठवत नाही, कारण मी खाली बघतच नसे. कविता म्हणत आभाळाकडे बघायचो. पुढे चाळीस वर्षे मुलांना छडी दाखवून कवितेचा अर्थ विचारला. स्वतःला एकदाही विचारला नाही.

चूक माझी आहे, वर्गाची नाही. रविवारी पहिल्या गाडीने निघतो. सत्यशीलेने पाणी दिले तर पिईन. नाही दिले तर तहानलेला परत जाईन, आणि ते बिलकुल रास्त होईल.

रागाला जागा ठेवून उरेल तेवढा लोभ द्यावा.

बद्रीनाथ

वडीगोद्री, ९ एप्रिल १९७४

आदरणीय गुरुजींना सत्यशीलाचा जयभीम.

कौसल्या म्हणाली की यावेळी तूच लिही. ती रांजण घासतेय, आणि जागी आहे.

तुमचं पत्र मच्छिंद्रनं दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्या दिवशी अकरा घागरी आल्या. त्यातली एक त्याची होती.

रविवारी तुम्ही उतरलात तेव्हा मी तांब्या घेऊन उभी होते. आजीनं तो माझ्या हातातून घेतला, हे आमच्या तक्त्यात नव्हतं. तुम्ही पिताना डोळे मिटलेत, तेव्हा ती म्हणाली ना, की मास्तर, डोळे उघडे ठेवा, कोण पाजून राह्यलं ते बघा. मंग तिनं तांब्या तुम्हाला दिला आणि ओंजळ पुढं केली. तुम्ही असं ओतलंत, की तिचं लुगडं भिजलं. घरी येऊन ती हसत होती की एवढं वय झालं, पण मास्तरला अजून ओतता येत न्हाई. तिनं माफ केलं का, ते मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

पन्हळ कापून तीन रांजणांची झाकणं केली. बरोबर पुरली.

तक्ता नव्यानं लिहिलाय. रविवारची दुपारची पाळी तुमच्या नावावर आहे. सबब चालणार नाही, पहिलीच गाडी धरा. ओतताना कविता म्हटलीत तरी चालेल. नजर मात्र ओंजळीवर ठेवायची.

वाट बघणारी,
सत्यशीला